एक लाल काडी

खिडकीपाशी माझ्या फेऱ्या चालल्या होत्या. हातात पुस्तक होतं, एका पानात बोट अडकवलेलं, पण ते पान सकाळपासून उलटलं नव्हतं.

"अहो, खिडकीत उभं राहिलं की गाडी लवकर येते का?" बायको म्हणाली. ती स्वतः धुतलेला डबा परत धूत होती.

रॅम्पवाली गाडी आमच्या भागात एकच. आधी फोन करून सांगून ठेवायचं आणि दारात आली की लगेच निघायचं, कारण पुढे कोणीतरी वाट बघत असतं. आज लेकीच्या नोकरीचा पहिला दिवस होता. दातांच्या कवळ्या बनवणारी एक लॅब आहे, तिथे मेणात दात बसवायचं काम. बसून करायचं, पण हात बारीक हवा.

"पहिली कवळी तुम्हाला, बाबा," ती आठवडाभर चिडवत होती. "तुमची बोलताना टकटक वाजते."

पण तिची एक अट होती. ती एकटी जाणार. दवाखाना, बँक, लग्नकार्य, आजवर तिच्या चाकांच्या खुर्चीमागे आमच्यापैकी कोणी ना कोणी असायचंच. मुलाखतीलाही मी गेलो होतो, आणि मालकीणबाईंनी निम्मे प्रश्न मला विचारले. तिला चहा चालतो का, हेसुद्धा मलाच. घरी आल्यावर लेक म्हणाली, "पहिल्या दिवशी एकटी गेले नाही, तर तिथे मी कायमची तुमची मुलगीच राहीन."

मी मान हलवली होती. बोलण्यापेक्षा मला ते सोपं जातं.

बाहेर हॉर्न वाजला. लेकीने खुर्चीचा दांडा पुढे रेटला. खुर्ची उंबऱ्यापर्यंत गेली आणि कण्हल्यासारखी थांबली. बॅटरीच्या हिरव्या काड्या दिसायला हव्यात तिथे एकच लाल काडी होती.

"आई, चार्जिंगला लावली होती ना?"

"म्हणजे काय! जेवणं झाल्यावर बटण मी स्वतः दाबलं. यांचा काय भरवसा!"

बटण रोज मी दाबतो, झोपायला जाताना. लेकीची झोप सावध, म्हणून दिवा लावायचा नाही. चार्जरचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून त्यावर रुमाल टाकलेला. अंधारात भिंत चाचपायची आणि हाताला लागलं की बटण दाबायचं. कालही मी तेच केलं होतं.

"मीही... दाबलं," मी म्हणालो.

"धन्य आहे तुमची! म्हणजे मी चालू केलं आणि तुम्ही बंद!" बायकोने कपाळाला हात लावला.

लेकीने आम्हा दोघांकडे पाहिलं. "तुम्ही दोघं मिळून एकच माणूस असता ना, तर आज माझी खुर्ची चालली असती."

ड्रायव्हर दारात आला. "ताई, चला. पुढे डायलिसिसच्या आजी खोळंबल्यात."

खुर्ची कशीबशी गाडीपर्यंत गेली आणि रॅम्पच्या मध्यावर बंद पडली. ड्रायव्हरने चाकामागचा खटका ओढून मोटर मोकळी केली आणि आम्ही दोघांनी ढकलली. "खुर्ची आहे का लोखंडी कपाट?" तो धापा टाकत म्हणाला. त्याने पट्ट्यांनी खुर्ची जखडली. तोवर मी बाजूच्या सीटवर बसलो होतो. मला कोणी बस म्हटलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही कुठे निघालात?"

"तिथे उतरल्यावर कोण ढकलेल?"

"सांगेन कुणाला तरी."

"अनोळखी माणसांना? पहिल्याच दिवशी?"

"मग काय, दुसऱ्या दिवशी सांगू? उतरा, बाबा."

मोटर बंद होती, तरी तिने दांडा घट्ट धरून ठेवला होता. ती चिडली असती तर मी बसून राहिलो असतो. पण तिला भीती वाटत होती आणि तरीही ती उतरा म्हणत होती. मी उतरलो.

गाडी वळली. मी आत येतो तोच बायको ओरडली, "अहो, हा इथेच राहिला की!" भिंतीपाशी, रुमालाखाली, चार्जर.

जे हातात होतं ते सगळं मी कापडी पिशवीत कोंबलं आणि मिळाली ती बस पकडली. बसायला जागा होती, पण मी दांड्याला धरून उभाच राहिलो. आत गेलो तर पुन्हा मी तिचा बाप, आणि नाही गेलो तर खुर्ची दिवसभर कपाटासारखी. प्रत्येक थांब्यावर वाटायचं, उतरावं आणि परत जावं.

लॅबला रस्त्याकडून मोठी काच आहे. मी खांबाआड उभा राहिलो. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने माझ्याकडे बघून हसत होते. आत एप्रन घातलेली एक बाई लेकीची खुर्ची ढकलत होती आणि खुर्ची भलतीकडेच वळत होती. लेक हाताने दिशा दाखवत होती. खुर्ची टेबलाच्या पायावर आदळली तशा दोघी हसल्या. मालकीणबाई पुढे आल्या, वाकल्या, काहीतरी विचारू लागल्या. तिलाच. तिच्याऐवजी उत्तर देणारं तिथे कोणी नव्हतंच.

"काय पाहिजे, काका?" वॉचमनने विचारलं.

"हे आत द्या. खुर्चीवर आलेल्या ताईंना."

"कोणी दिलं म्हणून सांगू?"

मी तोंड उघडलं. कवळी टकटक वाजली. "ड्रायव्हरने. गाडीत राहिलं होतं म्हणावं."

मी जवळजवळ पळतच बसथांब्यावर आलो. आपण बरोबर केलं की नुसते पळून आलो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बसची वाट बघत होतो तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, ड्रायव्हरने चार्जर पाठवला."

"हो का? बरं झालं."

"वाचनाचा नाद आहे वाटतं त्याला. पिशवीत पुस्तक निघालं."

मी रिकाम्या हाताकडे पाहिलं. पलीकडे कोणीतरी तिला हाक मारत होतं.

"पुस्तक न्यायला येताय का?" ती हळू आवाजात म्हणाली.

"नको. संध्याकाळी तू येताना आण." मला राहवलं नाही. "बटण दाबलंस?"

"दाबलं. एकदाच."

फोन ठेवला. संध्याकाळ व्हायला फार अवकाश होता, आणि तोवर वाचायला हातात काहीच नव्हतं.