भिंतीवरचा चीक

भागिरथीनं तीन दिवस वाट पाहिली नाही. नाळ कापून घटका झाली नसेल तोच तिनं पोर पदराखाली घेतलं, अन् नेमकं ते तिच्या सासूनं, साळूबाईनं पाहिलं.

"सोड त्याला. तीन दिस गुळाचं पानी. पिवळं दूध नासकं असतंय, भिंतीवर पिळ ते."

"न्हाई पिळनार."

साळूबाईनं तिची वेणी धरून डोकं भिंतीवर आपटलं. ओली बाळंतीण, अंगात रक्त म्हणून उरलं नव्हतं, तरी पोर सुटलं नाही. बाहत्तरच्या दुष्काळातली दुपार. वावरात हात जाईल एवढ्या भेगा. आम्ही शेजारणी दारात गोळा झालो, पण आत पाऊल कुणी टाकलं नाही.

खडी फोडायच्या कामावरून जालिंदर आला. पहार दाराशी टेकवली, खुंटीचा कासरा काढला.

"आयेचं ऐक, भागे," म्हणत बायकोच्या पाठीवर दोन वळ उठवले.

तिसऱ्या फटक्याला भागिरथीनं उशाचा विळा उचलला. कासरा तुटला, त्याचं मनगटही कापलं. सारवलेल्या भुईवर रक्त टपटपलं.

"पयलं पोर तुमचं ऐकून उपाशी ठिवलं. आठव्या दिशी गेलं." तिचा आवाज चढलाच नाही. "चैतात गाय व्याली, वासरू उठंना. त्याचं तोंड कासंला कुनी लावलं, आत्याबाई? चीक प्वाटात गेला न्हाई तर मरंल, कोन म्हनलं?"

"ती जनावराची जात."

"मग माज्या पोराला वासराएवढं तरी धरा."

जालिंदरनं रक्ताळलेला हात उगारला. तो साळूबाईनं वरच्यावर धरला. ती भिंतीकडं बघत होती. याच भिंतीखाली तिची पाच बाळंतपणं झालेली. चार लेकरं परसात सीताफळीखाली पुरलेली.

"चौघांचा चीक म्या हितंच पिळला," ती म्हणाली. "तू झाला तवा माजी सासू मयतीला नेवाशाला गेल्ती. बघायला कुनी नव्हतं. तुला पाजला म्या. चोरून."

जालिंदरचा हात खाली आला.

साळूबाईनं दाराशी टेकवलेली पहार उचलली अन् भिंतीत घातली. लिंपण फुटलं, ढेकळं निसटली. ती घालतच राहिली, जशी कुणाच्या छातीत घालावी.

"आये, घर पडंल."

"पडू दे."

घरभर धुरळा उडाला. भागिरथीनं पदर ओढून पोराचं डोकं झाकलं. पोर पीतच होतं.