मी उपाशी नव्हतो

मी एक प्रवाळ आहे, मित्रांनो. दगडी प्रवाळ! नाव ऐकून तुम्हाला वाटेल, काय कणखर गडी असेल. पण दगड फक्त खाली, तुमच्या हाडांसारखा. त्याच्यावर माझं अंग आहे मऊ, लिबलिबीत, आणि त्यात भीती अगदी ठासून भरलेली आहे. मला पाय नाहीत ना! तुम्ही घाबरलात की आईच्या पाठीमागे पळता. मी घाबरलो की जिथे आहे तिथेच बसून घाबरतो.

माझा जन्मच करवतीखाली झाला. दुकानाच्या मागच्या खोलीत दुकानदाराने माझ्या आईला एका छोट्या करवतीवर धरलं आणि एकीचे दोन केले. त्यातला लहान तुकडा म्हणजे मी. मला एका चकतीवर चिकटवत तो म्हणाला, "जगला तर जगला." जगात आल्यावर ऐकलेलं हे पहिलं वाक्य! आता सांगा, मी घाबरट होणार नाही तर काय?

पुढे दादाने मला विकत घेतलं. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या घरी बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची एक छोटी टाकी आहे. तिच्या एका बाजूला त्याच्या आईचं शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराचं दार. माझ्या अंगावर मेंदूसारख्या वळ्या आहेत, म्हणून दादाच्या धाकट्या बहिणीने माझं नाव मेंदूराव ठेवलं. ती स्वतः एका जागी कधी उभी राहत नाही, म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात.

ते दिवस छान होते. माझ्या कातडीत डोळ्यांना न दिसणारी शैवालं राहतात. दिव्याच्या उजेडात ती अन्न बनवतात आणि भाडं म्हणून मलाही देतात. शिवाय आठवड्यातून दोनदा संध्याकाळी दिवे मंद झाले की मी माझे बारीक हात बाहेर काढायचो. दादा पंप बंद करायचा, म्हणजे घास वाहून जायला नको, आणि लांब नळीने कोळंबीचा इवलासा तुकडा माझ्या तोंडाशी ठेवायचा. पाहुणे म्हणायचे, "अय्या, हा दगड खातो?" एका काकूंनी तर मी प्लास्टिकचा आहे म्हणून पैज लावली होती. मी तोंड उघडलं आणि त्या किंचाळल्या! भीती दुसऱ्याला वाटली असा माझ्या आयुष्यातला तो एकच प्रसंग.

मग दादाला कामाच्या प्रशिक्षणासाठी परगावी जावं लागलं. भिंगरी म्हणाली, "मी बघते ना टाकी! मी काय लहान आहे?"

"बरं. पाण्याची वाफ होते, पातळी खाली जाते. जेवढं कमी होईल तेवढं रोज भरायचं. कॅन इथे आहेत. आणि खायला थोडंच घाल हं, मेंदूराव पहिलवान नाहीये," असं म्हणून दादा पळत निघाला, कारण त्याची गाडी सुटत होती.

कॅन दोन होते. एकात शुद्ध केलेलं साधं पाणी, एकात दादाने पाणी बदलण्यासाठी मीठ कालवून ठेवलेलं समुद्रासारखं पाणी. भिंगरीने दोन्ही चाखून पाहिले आणि म्हणाली, "आई, हे समुद्रातले प्राणी. म्हणजे खारंच घालायचं असणार, हो ना?"

आई मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "हो, मग काय सरबत घालणारेस?"

आणि भिंगरी रोज खारं पाणी भरायला लागली. मनापासून! एक थेंब बाहेर सांडू द्यायची नाही.

पहिल्यांदा मला नुसती तहान लागली. पाण्यात बुडालेल्याला तहान! मग सगळं अंग आवळायला लागलं, जणू कुणीतरी मला आतून पिळतंय. मी हात आत घेतले. तोंड मिटलं. माझी शैवालं मला सोडून जायला लागली आणि माझा हिरवा रंग फिका पडला. एका कडेला कातडी मागे सरली आणि खालचा पांढरा दगड उघडा पडला. मित्रांनो, स्वतःचं हाड स्वतःला दिसणं काय असतं, ते मी सांगू शकत नाही.

"आई गं, हा बघ कसा झालाय!"

"भूक लागली असेल त्याला. चार घास पोटात गेले की येईल तरतरी."

मग घास सुरू झाले. सकाळी भिंगरीने घातला. दुपारी ती शाळेत असताना आईने गुपचूप घातला, "खा रे बाबा, माझ्या समोर खा," म्हणत. संध्याकाळी पुन्हा भिंगरीने. दोघींनी एकमेकींना काही सांगितलं नाही. ते तुकडे माझ्या मिटलेल्या तोंडावर पडून सडायचे. टाकीतला झिंगा त्यांच्यासाठी माझ्या अंगावर चढायचा, नांग्यांनी उकरायचा, आणि मला हलताही यायचं नाही. मी आतल्या आत ओरडत होतो, मी उपाशी नाही! पण माझ्या ओरडण्याला आवाज कुठे आहे?

अशाच एका संध्याकाळी त्या दोघी जेवायला बसल्या.

"आई, सूप किती खारट! सकाळी तर बरं होतं."

"दोनदा गरम केलं ना, आटलं. पाणी उडून जातं, मीठ कुठे जाणार? ते पातेल्यातच राहतं. थांब, पाणी घालते."

"साधं?"

"नाहीतर काय, मिठाचं?"

चमचा खाली पडल्याचा आवाज आला. भिंगरी टाकीपाशी धावत आली. तिचा चेहरा काचेला चिकटला, माझ्यापेक्षाही पांढरा.

"आई, मी याला खारवलंय!"

तिने साध्या पाण्याचा सगळा कॅन उचलला आणि टाकीवर धरला. इतक्या दिवसांचं खारं अंग, त्यावर एका दमात साधं पाणी! माझ्या पेशी फुगून फुटल्या असत्या. चुकीने अर्धा मेलो होतो, आता मायेने पुरता मरणार होतो. कॅनचं तोंड माझ्या अगदी डोक्यावर आलं.

"थांब!" आईने तिचा हात धरला. "आधी दादाला विचार. एक चूक झाली तेवढी पुरे."

फोन स्पीकरवर होता. "दादा, आधी ओरडू नकोस," इथून सुरुवात झाली, आणि पुढचं निम्मं रडण्यात गेलं. दादाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कपाटात दुर्बिणीसारखी नळी आहे बघ. तिच्या काचेवर टाकीतल्या पाण्याचा थेंब टाक, डोळा लाव आणि खारटपणाचा आकडा सांग." तिने सांगितला. "बापरे! ऐक भिंगरी, घाई करायची नाही. सडलेलं खाणं भरवायच्या नळीने ओढून काढ. मग रोज टाकीतलं एक तांब्याभर पाणी काढायचं आणि तेवढंच साधं घालायचं, हळूहळू. आणि त्याला खायला काही म्हणजे काही घालू नका."

"तो मरेल का रे?"

"माहीत नाही."

त्या "माहीत नाही"वर मी कितीतरी दिवस काढले. रोज एक तांब्या. रोज वाटायचं, आज हात घसरला तर? घसरला नाही. अंगातला पीळ सुटत गेला.

दादा परत आला तेव्हा भिंगरीने त्याला पिशवीही खाली ठेवू दिली नाही. "ही कड माझ्यामुळे गेली," ती म्हणाली. दादाने वाकून बराच वेळ मला पाहिलं. "कातडी आणखी मागे सरकत नाहीये," तो म्हणाला. "आता तो काय करतो ते बघू."

त्या संध्याकाळी पंप थांबला. शांतता पसरली आणि मी पुन्हा घाबरलो. भिंगरीने घास आणला नव्हता. तिने आधी त्या दुर्बिणीसारख्या नळीला डोळा लावून पाणी तपासलं आणि मग कितीतरी वेळ नुसती माझ्याकडे बघत बसली. इतके दिवस सगळ्यांनी मला भरवलं होतं, बघितलं कुणीच नव्हतं. मी भीत भीत एक हात बाहेर काढला. मग दुसरा.

"आई," ती कुजबुजली, "आता लागलीये त्याला भूक."

मित्रांनो, मी अजूनही घाबरट आहे, आणि माझी पांढरी कड भरून येईल की नाही मला ठाऊक नाही. पण तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी मुकं असेल आणि एक दिवस ते तोंड मिटून बसलं, तर लगेच घास पुढे करू नका. ते ज्या पाण्यात जगतंय, ते आधी बघा.