वेशीवर किती पाणी

होडी तिरकी झाली की मी डोळे मिटतो, हे सायराभाभींना माहीत होतं. रफीकला माहीत नव्हतं, कारण होडी तिरकी झाली की तो फक्त शिडाकडे बघायचा.

रफीक माझा शाळेपासूनचा मित्र. तीस वर्षं तो मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत होता आणि मी सोलापुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात. निवृत्त झाल्यावर त्याने कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबाची जुनी शिडाची होडी घेतली आणि उजनी धरणाच्या फुगवट्यावर आणून ठेवली. जेऊरला गाडीतून उतरायचं, रिक्षाने अर्धा-पाऊण तास जायचं, की तो काठ येतो. होडीला पुढे दोन माणसं वाकून बसतील एवढी खोली, मध्ये डोलकाठी, एक मोठं शीड आणि पोटाखाली चार फूट खोल गेलेला लोखंडी कणा. इंजिन नाही. "तीस वर्षं इंजिनाची घरघर ऐकली," रफीक म्हणायचा, "आता कानांना पेन्शन."

महिन्यातून एकदा रफीक, त्याची बायको सायराभाभी आणि मी असे तिघं दोन दिवसांसाठी निघायचो. रात्री एखाद्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकायचा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत. भांडण ठरलेलं असायचं. रफीकला वारा भरला की होडी पळवायची असे. मला सावकाश जायला आवडे. सावकाश गेलं की रोहित पक्षी उडत नाहीत, चहा सांडत नाही, काठावरची माणसं हात करतात. खरं कारण वेगळं होतं. मला पोहता येत नाही. सायराभाभींनाही येत नाही.

"गुरुशांत, जहाजावर असताना वेग कंपनीचा होता," रफीक म्हणायचा. "आता माझा आहे. तू त्याला बैलगाडी करायला बघतोस."

"भांडा तुम्ही," भाभी आतून म्हणायच्या. "फक्त स्टो पेटलेला असताना होडी आडवी करू नका. गुरूभाई, ह्यांना सांगा, मी जळाले तर दुसरी मिळणार नाही ह्या वयात."

"हौ, तेवढी फिकीर आहे मला," रफीक म्हणायचा आणि दोरी आणखी आवळायचा.

होडीवर माझं एकच काम होतं, पण ते माझ्याशिवाय कुणी करत नव्हतं. धरण बांधलं तेव्हा आमच्या काठासमोरची शेलवाडी पाण्यात गेली. घरं पडली, पण गावाची वेस दगडी होती, ती आणि तिचा बुरूज अजून उभा आहे. उन्हाळा कडक असला की माथा उघडा पडतो. एरवी गढूळ पाण्याखाली तो दिसत नाही. काठावरचे हिंदुराव, जे आमच्या होडीवर लक्ष ठेवतात, त्यांचं बालपण त्या वेशीत गेलं. त्यांना विचारून विचारून मी एका वहीत कोष्टक केलं होतं : धरणात इतके टक्के पाणी असताना वेशीवर किती फूट.

उजनीचे टक्के जरा चमत्कारिक असतात. शून्य झालं तरी धरणात पाणी असतं, मग त्याच्या खालचं उणे मोजतात. आम्ही सोलापूरकर निम्मा उन्हाळा उणे पाण्यावर काढतो आणि त्याचं आम्हाला काही वाटत नाही. म्हणून वहीत दोन पानं होती. डावीकडे अधिक, उजवीकडे उणे. निघायच्या सकाळी मी पेपरातला आकडा मागच्या पानावर लिहायचो आणि रफीक विचारेल तेव्हा कोष्टकात बघून फूट सांगायचो.

तो एप्रिलचा शेवटचा रविवार होता. चार वाजता आम्ही परतीला लागलो तेव्हा हवा पूर्ण पडली होती. शीड ओल्या चादरीसारखं लोंबत होतं. पाणी तेलासारखं. भाभींनी कांदा चिरायला घेतला होता. साडेचारच्या सुमाराला पश्चिमेचं आभाळ जांभळं झालं आणि त्याच्या तळाशी धुळीची तपकिरी भिंत उभी राहिली.

रफीक उठून उभा राहिला. त्याने डोळ्यांवर हात धरून ती भिंत न्याहाळली.

"अर्धा तास," तो म्हणाला. "फार तर."

समोर, उत्तरेला, आमचा काठ दिसत होता. वादळाआधीचा वारा शिडात भरला की सरळ वीस मिनिटं. पण सरळ म्हणजे शेलवाडीवरून. दुसरी वाट जुन्या नदीच्या पात्रातून, वळसा घालून, वाऱ्याच्या तोंडावर. ती खोल आणि बिनधोक होती, पण शीड कमी करून जायला तास-सव्वा तास लागला असता. म्हणजे वादळ उघड्या पाण्यात गाठणार.

"वेशीवर पाणी किती, गुरुशांत?"

मी वही काढली. मागच्या पानावर शनिवारची तारीख आणि पुढे आठ. बोट आठवर ठेवून मी कोष्टक उघडलं. "दहा फूट," मी म्हणालो.

"नक्की?"

"हो."

हे 'हो' मी आयुष्यात फार थोड्या वेळा म्हणालो असेन. ग्रंथालयात एखादं पुस्तक नाही असं सांगण्याआधी मी कपाट तीनदा बघायचो. पोरं हसायची. पण त्या दिवशी रफीकला लगेच उत्तर हवं होतं आणि मी ते दिलं.

वारा आला. शीड फटकन भरलं आणि होडी एका अंगावर झुकली. रफीकने सुकाणू मांडीखाली दाबलं आणि शिडाची दोरी माझ्या हातात दिली. "ही सोडायची नाही. काही झालं तरी. मी सांगेन तेव्हाच ढिली करायची."

आतमध्ये भांडी एका बाजूला घरंगळली. भाभी खोलीच्या दाराशी येऊन बसल्या. त्यांनी जीवरक्षक जाकीट उशाला घेतलं होतं, ते घाईघाईने घातलं. बंद लागत नव्हते.

होडी खरोखर पळत होती. खालच्या कडेवरून पाणी आत शिंपडत होतं. रफीकचा चेहरा मी इतका तरुण कधी पाहिला नव्हता. "बघ, बघ," तो म्हणत होता, "ही चालते बघ."

मी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांसमोर ते मागचं पान आलं. आठच्या मागे काही होतं का?

पेपरात काय होतं ते आठवायचा प्रयत्न केला. मथळा होता, 'उजनी आठ टक्क्यांवर'. खाली उणे लिहिलं होतं की नव्हतं? गाडी गाठायची होती, मी मथळ्यावरूनच उतरवलं होतं. मागच्या फेरीला अधिक तेरा होतं, ते पक्कं आठवत होतं, कारण तेव्हा मी ते दोनदा लिहिलं होतं. त्याला तीन आठवडे झाले होते. मध्ये कालव्याला पाणी सोडलं होतं, नदीतही सोडलं होतं. रोजचा साधारण एक टक्का उतरतो हे सोलापुरात दूधवालाही सांगेल. एकवीस दिवस. तेरातून एकवीस वजा.

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं.

उणे आठ. वेशीवर दहा फूट नाही. उजव्या पानावर काय होतं? तीन. तीन किंवा साडेतीन. आणि आमचा कणा चार फूट खोल.

या वेगाने लोखंड दगडावर आदळलं तर तळ फुटेल. रफीक पोहेल. भाभी आणि मी, आम्ही त्या गावात जाऊन बसू.

"रफीक," मी म्हणालो. वाऱ्यात मलाच ऐकू गेलं नाही.

मी भाभींकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. "काय झालं, गुरूभाई?"

"आकडा," मी म्हणालो. "आकडा चुकला असेल. नक्की नाही."

"मग त्यांना सांगा."

"नक्की नाही, भाभी."

सकाळीच मी पाण्यात खडक दिसतो म्हणून होडी थांबवायला लावली होती आणि ती म्हैस निघाली होती. काल रात्री नांगर सरकतोय म्हणून दोनदा उठवलं होतं. आता तिसऱ्यांदा काय सांगायचं? आणि मी चुकत असलो तर? थांबलो आणि वादळाने उघड्यावर गाठलं तर तेही माझ्याच शब्दावर. डावं पान की उजवं. दोन्हीकडे भाभींचं न लागलेलं जाकीट मला दिसत होतं.

"गुरूभाई, ओरडा," भाभी म्हणाल्या.

माझ्या घशातून आवाज निघेना. समोर पाण्याचा रंग एका पट्ट्यात जरा फिका वाटला, की वाटला नाही, मला आजही सांगता येणार नाही. मी दोरी सोडून दिली.

शीड फडफडत बाहेर गेलं. होडी एकदम सरळ झाली, इतकी झटक्याने की रफीक गुडघ्यांवर पडला. वेग गळून गेला.

"अबे काय केलंस," तो ओरडला. "धर ती दोरी."

"वेशीवर तीन फूट आहे," मी म्हणालो. आता आवाज आला. "मी उलट्या पानावर बघितलं. तीन फूट आहे, रफीक."

तो काही बोलणार तोवर खालून आवाज आला. फार मोठा नाही. जातं रिकामं फिरवावं तसा. होडी थांबली, थरथरली, आणि तिथेच उभी राहिली. आजूबाजूला लाटा पुढे जात होत्या, आम्ही जात नव्हतो.

भाभींनी आत वाकून तळाशी हात फिरवला. "कोरडं आहे," त्या म्हणाल्या.

रफीकने शीड ओढून खाली घेतलं, हातांनी, वेडंवाकडं. ते त्याच्या अंगावरच पडलं. धुळीची भिंत आली तेव्हा आम्ही तिघं त्या कापडाखाली बसलो होतो. काठ दिसेनासा झाला. वीज कडाडली की दातांपर्यंत हादरा बसायचा. प्रत्येक लाटेला कणा दगडावरून उचलला जायचा आणि पुन्हा बसायचा, आणि प्रत्येक वेळी मी वाट पाहायचो की आता पाणी आत येईल.

"मी चुकीचा आकडा सांगितला," मी म्हणालो. "तू विचारलंस तेव्हा."

"ऐकलं मी."

"दोरी सोडली नसती तर..."

"सोडली नसती तर," रफीक म्हणाला, "होडी तिरकी होती. तिरकी असली की कणा वर येतो. कदाचित साफ निघून गेलो असतो. सरळ झाली म्हणून टेकली." त्याने तोंडावरची धूळ पुसली. "कदाचित तळ उघडला असता. क्या मालूम."

"म्हणजे मी बरोबर केलं की..."

"मला नको विचारू. मी दहा फूट समजून हसत होतो."

भाभी म्हणाल्या, "दोघं नंतर ठरवा. आधी इथून काढा मला."

लाट मोठी झाली होती. आता कणा बसताना धाड असा आवाज यायचा. अशा पंधरा-वीस धडका होडीने सोसल्या नसत्या, हे मलाही कळत होतं. रफीकने वाऱ्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. तो पहिल्यांदाच घाबरलेला दिसला, आणि तो घाबरलेला पाहून माझं उरलंसुरलं बळ गेलं.

"तिला पुन्हा तिरकी करावी लागेल," तो म्हणाला. "शिडाशिवाय. आपल्या वजनाने. तिघांनी त्या कडेवर जायचं आणि बाहेर झुकायचं. कणा वर आला की वाराच ढकलेल."

"बाहेर म्हणजे पाण्यावर?" मी विचारलं.

"हौ. पाण्यावर."

भाभींनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग ओढणी कमरेला बांधली आणि त्या पूर्वेच्या कडेवर जाऊन बसल्या, पाठ पाण्याकडे, दोन्ही हातांनी डोलकाठीच्या तारा धरून. मी त्यांच्या शेजारी गेलो. पाय आत अडकवले. रफीक माझ्या पलीकडे, त्याच कडेवर.

"झुका."

मी मागे झुकलो. डोक्याखाली काहीच नव्हतं. कान लाटेला लागला. होडी कलली, खालून खरवड ऐकू आली आणि थांबली.

"आणखी. गुरुशांत, तू धरून बसलायस. अंग सोड."

अंग सोडणं म्हणजे काय हे मला सांगता आलं तरी करता येत नाही. भाभींनी एक हात तारेवरून काढला आणि माझा दंड पकडला. "माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या.

आम्ही झुकलो. पाणी खांद्यावर आलं, तोंडात आलं, मातीच्या चवीचं. लाट आली, होडी उचलली गेली, खालचा दगड एकदा लांब खरडला आणि मग खाली काहीच राहिलं नाही. आम्ही वाऱ्याबरोबर वाहत होतो.

रफीक आत सरकला आणि त्याने शिडाचा निम्म्याहून कमी तुकडा उभा केला. होडी रखडत निघाली. मी कडेवरून आत आलो आणि रांगतच पुढच्या टोकाला गेलो. तिथे फुटांच्या खुणा केलेला बांबू बांधलेला होता, तो सोडला आणि पाण्यात घातला.

"किती?" रफीकने मागून विचारलं.

वही भिजून गेली होती. बांबू तळाला लागला होता, तरी वर काढून ओल्या खुणेवर हात फिरवला, पुन्हा घातला.

"सात," मी म्हणालो. "सावकाश चल. प्रत्येक वेळी सांगतो."

"हौ," रफीक म्हणाला, आणि शीड आणखी थोडं उतरवलं. काठ अजून दिसत नव्हता. सायराभाभींनी मागून माझ्या शर्टाचं टोक घट्ट धरलं होतं. मी बांबू पुन्हा खाली सोडला.