नावावरची पट्टी

मी जुनं झेरॉक्स मशीन आहे, मित्रांनो. जुनं म्हणा, चालेल. पण भंगार म्हणालात तर कागद अडकवून बसेन, आधीच सांगतो! नाशिकच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात, खिडकीखाली माझी जागा आहे. शेजारी ग्रंथपाल प्रतिभा मॅडमचं टेबल.

कुठल्याशा कारखान्यात माझे भाग जुळले, एवढंच मला ठाऊक. बाळपण कुणाला आठवतं? इथे आलो तेव्हा नारळ फुटला, हळदकुंकू लागलं. मग काय विचारता! परीक्षा जवळ आली की माझ्यापुढे ही रांग. ‘मशीन आहे म्हणून आम्ही पास होतो,’ असं पोरं म्हणायची आणि मी आणखी जोरात घरघरायचो. एकदा कुणीतरी टाचणी न काढताच फाईल माझ्या काचेवर घासली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रतीवर डाव्या बाजूला एक बारीक रेघ उमटते. काच बदलायला माणूस आला होता, पण मॅडम म्हणाल्या, राहू द्या, आपली खूण आहे ती. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

हल्ली मुलं मोबाइलवर फोटो काढतात. माझ्या डोक्यावर छत्र्या वाळत घालतात. असो. घरातल्या म्हाताऱ्याने फार कुरकुर करू नये.

सांगायची गोष्ट वेगळीच आहे. वनस्पतिशास्त्राचे किशोर सर माझे जुने गिऱ्हाईक. भला माणूस! दरवर्षी एखाद्या मुलाचं चांगलं उत्तर निवडायचे आणि त्याच्या प्रती काढून वर्गात वाटायचे. पण कागद काचेवर ठेवण्याआधी त्यावरच्या नावावर एक कोरी पट्टी ठेवायचे. एकाचं नाव दिसलं तर बाकीचे हिरमुसतात, असं त्यांचं म्हणणं. मी मुकाट्याने प्रत काढायचो. मला कोण विचारतो?

असंच एकदा मनीषाचं उत्तर आलं. मनीषा मखमलाबादची, घरी गुलाबाचा मळा. दसऱ्याला माझ्या गळ्यात झेंडूची माळ घालणारी हीच पोरगी, तेव्हा माझा जीव तिच्यावर आहेच. उत्तर होतं गुलाबाला डोळा भरण्याबद्दल. म्हणजे रानगुलाबाच्या खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा, फांदीवरचा इवला कोंब, बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. तिने लिहिलं होतं, ‘पट्टी फार आवळू नये, डोळ्याचा जीव गुदमरतो.’ किती गोड लिहिलंय, असं म्हणत सरांनी तिच्या नावावर पट्टी ठेवली.

पुढे मॅडमनी एक छान काम काढलं. पुस्तकं महाग, त्यात शास्त्राची मराठी पुस्तकं थोडी. म्हणून शिक्षकांच्या मराठी टिपणांचं पुस्तक करून त्या ते ग्रंथालयाच्या वेबसाइटवर ठेवू लागल्या. सगळ्यांना फुकट! हरसूलच्या डोंगरातली मुलगीही मोबाइलवर वाचू शकेल. अट एकच, घेतलं तर कुणाचं ते सांगायचं. किशोर सरांनी आपला सगळा गठ्ठा उचलला आणि टाइप करायला दिला. त्यात स्वतःची टिपणं किती आणि पट्टीखालची किती, हे पाहायचं राहून गेलं.

यंदा मनीषाचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आला. मॅडमनी तो कॉपी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातला, आणि डोळा भरण्याचं पानच्या पान लाल! सरांच्या पुस्तकातून जसंच्या तसं उचललेलं. प्रोजेक्ट नापास झाला तर तिचं वर्ष जाणार, एमएस्सीचा प्रवेशही हातचा जाणार. पोरगी रडवेली झाली. ‘मॅडम, हे माझंच आहे हो, जुन्या वहीतलं,’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली; पण वहीवर तारीख कुठे होती? सर रागावले नाहीत, पण त्यांना लागलं. म्हणाले, “मनीषा, मागितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का?”

आणि मी? सगळं पाहिलेला एकमेव साक्षीदार, आणि मला तोंड नाही! तळमळलो नुसता. दोनदा उगाच लाल दिवा लावून पाहिला. मॅडमनी ट्रे उघडून बंद केला, झालं.

पण मॅडम पक्क्या. मूळ कागद पाहिल्याशिवाय कुणावर ठपका ठेवायचा नाही, ही त्यांची रीत. त्यांनी सरांना तो गठ्ठा घेऊन बोलावलं, मनीषालाही थांबवून घेतलं. कागद टेबलावर आला. डाव्या बाजूला माझी रेघ. वर, नावाच्या जागी, कोरी जागा आणि तिच्या कडेला फिकट सावली.

“सर, ही प्रत इथलीच आहे,” मॅडम हळूच म्हणाल्या. “आणि वर काहीतरी झाकलेलं दिसतंय.”

मनीषाने वाकून पाहिलं. अक्षर तिचं होतं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांना सगळं आठवलं असावं. मग आपल्या विद्यार्थिनीपुढे त्यांनी हात जोडले.

“चूक माझी आहे, बेटा. विभागात मी स्वतः सांगतो.”

सांगितलंही, सगळ्यांसमोर. प्रोजेक्ट पास झाला. पुस्तकातल्या त्या पाठावर मनीषाचं नाव घालायला सर माझ्या शेजारी कॉम्प्युटरपुढे बसले, तेव्हा ती घुटमळत म्हणाली, “सर, जीव गुदमरण्याचं वाक्य आईचं आहे. मी लहान असताना ती ओरडायची, लय आवळू नको, जीव गुदमरतो त्याचा. तिचंही नाव घालाल?”

सर हसले. विचारलं, मग पट्टी ठेवायची तरी किती दिवस?

“डोळा जगला की सोडायची, सर. नाही सोडली तर तीच काचते.”

सरांनी आईचं नाव विचारून ‘सखुबाई’ असं टाइप केलं, मग त्या पानाची एक प्रत माझ्याकडून काढून मनीषाच्या हातात दिली, आईला दाखवायला. माझ्या रेघेसकट!

मित्रांनो, मी जन्मभर नक्कलच केली, तेव्हा नक्कल वाईट असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? घ्या, मनसोक्त घ्या, दुसऱ्यालाही द्या. ज्ञान वाटल्याने सरत नाही. फक्त ज्याचं आहे त्याचं नाव झाकू नका. आणि हो, जाताना माझ्या डोक्यावरच्या त्या ओल्या छत्र्या तेवढ्या उचला.