दुरुस्त केलेला पुरावा

वकीलबाईंनी आम्हाला दोनच गोष्टी बजावल्या होत्या. मोडलेली सायकल आहे तशी ठेवायची, तिला कुणी हात लावायचा नाही, कारण तो पुरावा आहे. आणि उपचार संपेपर्यंत विमा कंपनीच्या कुठल्याही कागदावर सही करायची नाही, कारण एकदा सही केली की उद्या पाय गळून पडला तरी कंपनी ओळख दाखवणार नाही. पहिली गोष्ट माझ्या नवऱ्याने मोडली. दुसरी मी मोडायला निघाले होते.

आमचं पुढे सायकल दुरुस्तीचं दुकान, मागे घर. सगळा रस्ता ह्यांना मिस्त्री म्हणतो, आणि राग आला की मीही मिस्त्रीच म्हणते. म्हणजे बहुतेक वेळा. मी स्वतः पाण्याची मीटरं वाचते. सायकलवरून घरोघर जायचं, जिन्याखाली उकिडवं बसायचं, झाकण उचलून आकडा टिपायचा. लोक पाण्याबद्दल काय काय थापा मारतात त्यावर मी ग्रंथ लिहू शकेन, पण तो विषय वेगळा.

एका सकाळी मी सायकलवरून रस्त्याच्या कडेने नियमाने चालले होते आणि उभ्या गाडीतल्या एका दातांच्या डॉक्टरने मागे न बघता दार उघडलं. जन्मभर दुसऱ्यांना ‘उघडा, अजून उघडा’ सांगणारा माणूस. स्वतः उघडताना एकदा बघितलं असतं तर काय दात पडले असते? मी दारावर, सायकल माझ्यावर, आणि डावा गुडघा आम्हा दोघींच्या मध्ये.

तेव्हा तो भला वागला. मला दवाखान्यात पोचवलं, ‘चूक माझीच’ असं चार लोकांदेखत म्हणाला. मग त्याने विमा कंपनीला फोन केला, आणि तिथून पुढे मी फारच वेगात होते असं ठरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. म्हणूनच ते वाकलेलं चाक आणि चेपलेली नळी जपून ठेवा, असं वकीलबाई म्हणाल्या होत्या. दार कसं लागलं ते त्यावरून कळलं असतं.

ऑपरेशननंतर मी शुद्धीवर आले तेव्हा मिस्त्री शेजारी बसले होते. पहिलं वाक्य काय, तर ह्या खाटेच्या चाकांना तेल नाही.

“हाडांचे डॉक्टर काय म्हणाले?” मी विचारलं.

“बघू म्हणाले.”

“बघू म्हणजे?”

“बघू म्हणजे बघू.”

त्यानंतर हा माणूस माझ्या गुडघ्याच्या विषयावर जो मूग गिळून बसला, तो बसलाच. मला वाटलं, पुरुषांना आजारपण जमत नाही, सोडून द्या.

व्यायामाच्या दवाखान्यात जागच्या जागी चालवायची एक सायकल होती. डावं पायडल वर आलं की माझा गुडघा अडायचा. कितीही दात-ओठ खाल्ले तरी पाय पलीकडे जायचा नाही. तिथल्या बाई ‘हळूहळू, हळूहळू’ म्हणायच्या. मी घरी येऊन सांगितलं, “अहो, ती मशीन जाम झाली आहे. एकदा जाऊन बघा.” मशीन कुठली, किती जुनी, काही विचारलं नाही. म्हणाले, “पाय कुठवर येतो ते दाखव.” मी खुर्चीवर बसून दाखवलं. त्यांनी वीतभर लांबून बघितलं, परत एकदा करायला लावलं, आणि उठून दुकानात गेले. चहा तसाच राहिला.

पुढच्याच आठवड्यात वकीलबाई सायकलचे फोटो काढायला आल्या. सायकल दुकानाच्या कोपऱ्यात जुन्या चादरीखाली उभी होती. मी पडल्यापासून तिचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून मी आतच बसून ऐकत होते. चादर निघाल्याचा आवाज आला.

“मिस्त्री, ह्यात पुरावा कुठे आहे?”

“मोडली होती. नीट केली.”

“नीट करू नका असं सांगितलं होतं ना मी?”

“हो.”

“मग?”

“मोडली होती,” मिस्त्री परत म्हणाले.

“निदान आधी फोटो तरी काढलात?”

“फोटो काढून सायकल नीट होत नाही.”

वकीलबाई आत आल्या, पाणी प्याल्या आणि मला म्हणाल्या, “तुमच्यावर दार घालणारा परवडला.” मी काय बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

एवढ्यात आमच्या साहेबांचा निरोप आला की महिनाअखेर रुजू व्हा, नाहीतर तुमचे रस्ते दुसऱ्या कुणाला द्यावे लागतील. माझे रस्ते! कुठल्या घरात मीटरवर मुद्दाम कुंडी ठेवतात हे त्या दुसऱ्या कुणाला काय माहीत? त्याच दिवशी विमा कंपनीचाही फोन आला. पाय पूर्ण बरा होणार हे धरून अमुक रक्कम देतो, लगेच मिटवून टाकू. मी म्हटलं, या. बरा होणारच होता पाय. आपण लंगडं राहू की काय ह्याची वाट बघत महिनोन्‌महिने बसणं मला तरी अशुभ वाटत होतं.

“सही करू नकोस,” मिस्त्री म्हणाले.

“का?”

त्यांनी पाना पुसायला घेतला.

“अहो, का ते सांगा ना!”

मग मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, “माझ्या लंगडण्याचे जास्त पैसे घेऊन दुकानाला नवा रंग काढायचा आहे का?” ते दुकानात गेले आणि एक चाक उगाचच फिरवत बसले. चाकात काही दोष नव्हता. आवाजावरून मलाही तेवढं कळतं आता.

कंपनीचा माणूस ठरल्या वेळी आला. सुबक होता. बूट पुसून आत आला, “ताई, आता कसं वाटतंय?” असं कागद उलगडता उलगडता विचारलं. मला तो आवडला. निदान बोलत तरी होता.

“आणि सायकल?” त्याने विचारलं. “नुकसान बघून घेतो.”

मिस्त्रींनी चादर काढली. मीही पहिल्यांदाच बघितली. दुकानातल्या दुरुस्तीच्या स्टँडवर मागचं चाक अधांतरी ठेवून ती उभी होती, आणि अशी चकचकीत, की आमच्या लग्नात मीसुद्धा इतकी नव्हते.

“ही तर नवीनच दिसते,” कंपनीचा माणूस म्हणाला. त्याचा आनंद चेहऱ्यावर मावेना. “सायकलही बरी, ताईही बऱ्या.”

“हातच्या कांकणाला आरसा कशाला?” मी म्हटलं. “चालवूनच दाखवते.”

वाटलं होतं मिस्त्री अडवतील. त्यांनी माझी आधाराची काठी हातातून घेतली, भिंतीला टेकवली आणि खांदा पुढे केला. तो धरून मी चढले. उजव्या पायाने रेटा दिला. डावं पायडल वर यायला लागलं तशी मी दात घट्ट दाबून धरले, आता अडणार म्हणून. अडलं नाही. पाय वर आला आणि सुरळीत पलीकडे गेला. परत आला, परत गेला. मागचं चाक सूं सूं करायला लागलं.

“बघा!” मी ओरडले. “बघा, पूर्ण फिरतोय! मशीनच जाम होती ती!”

“अभिनंदन,” कंपनीचा माणूस मनापासून म्हणाला आणि त्याने कागद सीटच्या बाजूने वर केला, वर पेन ठेवून. मी पेन घ्यायला खाली वाकले, आणि तेवढ्यात माझं लक्ष पायांकडे गेलं.

उजवा पाय नेहमीसारखे मोठे वेढे घेत होता. डावा लहान लहान घेत होता. डाव्या पायडलचा दांडा उजव्याच्या निम्मा होता. लहान मुलांच्या सायकलीचा दांडा काढून बसवलेला. टोकाला थोडा गुलाबी रंग राहिला होता.

मी पाय थांबवले. चाक आपलं आपण फिरत राहिलं.

“अहो,” मी म्हटलं, “गुडघा किती वाकणार आहे?”

मिस्त्रींनी त्या दांड्यावर हात ठेवला. “एवढाच.”

“आत्ता एवढा. पुढे?”

“एवढाच.”

“कुणी सांगितलं?”

“हाडांच्या डॉक्टरांनी. तू गुंगीत होतीस. मी म्हटलं, मी सांगतो तिला.”

“म्हणजे डॉक्टरला माहीत, तुम्हाला माहीत, ह्या सायकलला माहीत. गुडघ्याच्या मालकिणीला तेवढं कुणी कळवलं नाही!”

कंपनीच्या माणसाने पेनाला टोपण लावलं. ते त्याने सावकाश केलं. मग कागदाची घडी घालून म्हणाला, “ताई, हा कागद आज मी आणलाच नव्हता असं समजा. मात्र सायकल मी बघितली. हा दांडा बघितला नाही असं मला लिहिता येणार नाही.” जाताना त्याने डाव्या पायडलचा फोटो काढला आणि दुकानाचं दार आवाज न करता ओढून घेतलं.

मी सायकलवर बसून रडले. उतरायला मदत लागली असती आणि ती मला मागायची नव्हती. जिन्याखालची सगळी मीटरं डोळ्यांसमोर आली. आता कोण उकिडवं बसणार तिथे? मिस्त्री हँडल धरून समोर उभे होते, सायकल पडणार असल्यासारखे. ती स्टँडवर होती, कुठे पडणार होती?

“एवढे दिवस सांगितलं का नाहीत?” मी विचारलं. “मी नाही नाही ते बोलले तुम्हाला. तेव्हा तरी सांगायचं.”

त्यांनी हँडलच्या मुठीवरचा नसलेला डाग अंगठ्याने पुसला.

“दोन दांडे बसेनात,” ते म्हणाले. “हा तिसरा. हा झाल्यावर सांगणार होतो. नुसतं कसं सांगायचं?”

मी पदराने तोंड पुसलं. पाय पायडलवर ठेवले, एक जवळ, एक लांब.

“मिस्त्री,” मी म्हटलं, “स्टँड काढा.”