मी मेद्विद, बदलीवर आलेलं नाव

मी मेद्विद बोलतोय. अस्वल नव्हे, अस्वलाचं नाव. मधाची शपथ, पुढचं अक्षर न् अक्षर खरं आहे. एखादी थाप असलीच, तर तीही मनापासून मारलेली आहे.

अस्वलाचं मूळ नाव दुसरंच होतं. ते उच्चारलं की जनावर दारात येतं, या भीतीने आमच्या जुन्या माणसांनी ते गिळून टाकलं आणि नुसतं 'मध खाणारा' म्हणू लागले. तोच मी. तुमच्या मधाशी माझं लांबचं नातं आहे. रशियात, पोलंडात, सर्बियात थोडाफार चेहरा बदलून मीच राबतो. युगं लोटली, ज्याच्या बदलीवर मी आलो, ते मूळचं नाव काही कामावर परतलं नाही.

आता कार्पेथियन डोंगरातले आमचे लोक मलाही घाबरतात. मला टाळून अस्वलाला 'मामा' म्हणतात!

तिथल्या याव्दोखा म्हातारीकडे खालच्या मैदानी मुलखातली सून आली, ओरिस्या. मक्याची लापशी वाढता वाढता तिने सहज विचारलं, "आई, इकडे मेद्विद येतो का हो?"

याव्दोखाचा चमचाच पडला. "थुंक आधी! घरात नाव घेतेस?"

सकाळी पाहतात तर मधपेट्या उलथलेल्या.

"हिनंच बोलावलं! इल्को, बायकोला माहेरी पोचव."

"आई, गवत कापायला पेट्यांभोवतीच्या कुंपणाची वीज तूच बंद केली होतीस," मुलगा पुटपुटला.

"विजेचं मला सांगू नकोस. तोंड हिचं सुटलं!"

मला कुणी विचारलं नाही. अहो, माझेच पाय मला ओढवत नाहीत, अस्वल कुठून ओढून आणू?

ओरिस्याने गाठोडं बांधलं. मधमाश्यांचा निरोप घ्यायला ती उरलेल्या पेट्यांपाशी गेली, आणि भरदुपारी पेट्यांमागून मामा उभे राहिले. दारातून याव्दोखाने पाहिलं. तिच्या घशातून मामा-बिमा काही निघालं नाही. निघालो मी.

"मेद्विद! अगं पोरी, मेद्विद! पळ!"

ओरिस्या धावत घरात शिरली. मला ऐकताच अस्वल शेपूट घालून जंगलात पसार झालं. दाराला पाठ लावून दोघी धापा टाकत राहिल्या.

"आई, नाव घेतलंत."

"गप बस. सोड ते गाठोडं. लापशी गार होतेय."

आता कबूल करतो. अस्वलाला घालण्याएवढं शेपूट नसतं, तिथंच तुम्ही मला पकडायला हवं होतं. ते पळालं नाही. त्याने सावकाश मध संपवला, पंजे चाटले आणि ते निघून गेलं. माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला मुळी आपलं नावच ठाऊक नाही. बाकी सगळं खरं.

माझ्या जागी कुणाला नेमू नका, असं म्हणणार होतो. पण नेमाच. मला जरा पडायचंय.