होडीची सुरगाठ

"आबा, दादाची होडी मी चालवू का?"

राजीनं विचारून टाकलं आणि कुडापलीकडे शेणाच्या पाट्या घेऊन कान लावून बसलेल्या तिच्या मैत्रिणी साळू आणि लीला कुडाला आणखी चिकटल्या. पैज त्यांचीच होती. "तू नुसती बोलती. आबाला इचारून दाखव, मग मानू." राजी म्हणाली होती, "त्यात काय." पोहायला वाडीत पोरींमध्ये तीच पहिली शिकली, सातवीच्या वर्गात मास्तरांना उलटा प्रश्न तीच विचारायची. त्यात काय.

आबांनी कालवणात बुडवलेला भाकरीचा तुकडा तसाच ताटात ठेवला, हात धुतला आणि गोठ्याकडे निघून गेले.

"झालं समाधान?" आई म्हणाली. "कवा न्हाई ते आज पोटभर जेवत व्हता बाप."

"आये, पोरींच्या शाळा सुटल्यात."

"येकानं आळस केला, गेला. आता तू जा."

तो एक म्हणजे राजीचा थोरला भाऊ, येसूदादा. धरणाच्या बंगल्यावर तो कामाला होता. तिथला साहेब विलायतेला परत जाताना आपली लहानगी शिडाची होडी त्याला देऊन गेला. मग दादा रोज वाडीतल्या पोरींना त्या होडीतून तळ्याच्या पलीकडच्या काठाला शाळेत सोडायचा आणि दुपारी आणायचा. पाण्यावरून गेलं की घंटेच्या आधी पोचता येई; काठाकाठानं चालत गेलं तर दुसरा तास संपत आलेला असे.

तिकडं पानशेतचं धरण फुटलं त्याच्या पुढच्या माघात तो बुडाला. पोरींना आणायला एकटाच निघाला होता. राजी त्या दिवशी तापानं घरी पडलेली. साळू आणि लीलानं पलीकडून पाहिलं ते एवढंच, की वारा भरला, शीड चिंधीसारखं फडफडायला लागलं, आणि मग होडीत कुणी दिसेना. शिडाचा खालचा काठ एका आडव्या काठीवर ताणून धरलेला असतो. त्या आडकाठीच्या टोकाला शिडाचा मागचा कोपरा दोरानं बांधतात. तो कोपरा सुटला होता. कोपरा सुटला की आडकाठीला वरून आधार राहत नाही, ती धाडकन खाली येते. दादा सापडला तेव्हा त्याच्या डोक्यावर तिचा घाव होता.

पोरानं गाठ नीट मारली नाही, असं सगळी वाडी म्हणाली. आईनं ते धरूनच ठेवलं. ती रडायची तीसुद्धा त्याला आळशी म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा राजीला म्हणाले, "चल."

पळसाखाली उपडी पडलेली होडी त्यांनी उताणी केली. काखेत अंबाडीचा नवा दोर होता, रात्री स्वतः वळलेला. "पोरी घरी बसल्या तर येसूला आवडलं नसतं," एवढंच बोलले. राजीच्या अंगात वारं शिरलं. डोलकाठी उभी करताना, शीड चढवताना तिचं तोंड थांबेना. "आता टोकाच्या भोकातनं दोर काढायचा, आबा. मग कोपऱ्याच्या कडीतनं. मग वढायचा, खालच्या काठाची चुणी जाईस्तवर. दादानं दावलंय मला."

"ठावं हाय. सर, मी बांधतो."

त्यांनी दोर ओढला, दोन वेढे घेतले आणि शेंडा दुमडून फासात खोवला.

राजी म्हणाली, "ही तर दाव्याची गाठ. सुरगाठ."

"मंग? आपल्या घरात जिवाला निरगाठ मारत न्हाईत. माज्या आज्याचा गोठा पेटला, तवा निरगाठी सुटंनात म्हणून खिलारी जोडी जाग्यावर जळाली. तवापासनं सुरगाठ. येका हिसक्यात जनावर मोकळं." त्यांनी होडीच्या कडेवर बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा हात फिरवला. "हीबी जनावरच की. त्या दिवशी मीच बांधून दिली. येसू डोलकाठीपाशी गुतला व्हता. म्हणला, आबा, पोरी खोळंबल्यात, तेवढा कोपरा बांधा."

राजीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. पण तिनं नीट ऐकलं होतं.

दादानं ती गाठ तपासली नसणार. बापानं बांधलेली गाठ कोण तपासतं?

तेवढ्यात पाण्यावरून झुळूक आली. शीड भरलं, सैल पडलं, पुन्हा भरलं. दर हिसक्याला खोवलेला शेंडा बोटभर मागं सरकत होता. आबा तळ्याकडे बघत होते. राजीनं पुढं होऊन ती गाठ मुठीत गच्च धरली.

"त्याचं काय चुकलं आसंल गं?" आबांनी विचारलं. "तू शाळा शिकतीयास. तुला कळत आसंल."

कोपरा हाताला हिसके देत होता. अंबाडीचा दोर तळव्यात रुतला.

"वारा लई व्हता, आबा."

"तुजी आई म्हणती, आळस."

"न्हाई. वारा व्हता."

आबा पुढच्या टोकाकडे वळले तेव्हा तिनं झटकन शीड उतरवलं. डोळे पुसत त्यांना म्हणाली, डोळ्यात कचरा गेला.

दिवसभर तिच्या डोक्यात तेच घोळत होतं. होडी न्यायची तर आबा रोज हौसेनं कोपरा बांधायला येणार. ती रोज त्यांच्यादेखत सोडून निरगाठ मारायची तर ते विचारणार, का? आणि आबा काही खुळे नव्हते. आईला सांगावं, तर दादा सुटत होता आणि आबा बुडत होते. दादा असता तर त्यानं आबांचं नाव न घेता सगळं स्वतःवर घेतलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचाच तिला राग येत होता.

दिवेलागणीला आई-आबा दोघं चुलीपाशी असताना ती समोर जाऊन उभी राहिली.

"मला होडी नगं. मी भ्याले."

आबांनी मान वर केली. "तू? भ्यालीस?"

"व्हय. साळू-लीला हसतील, हसू द्या. उद्यापासनं कोंबडा आरवला की मी काठानं चालत शाळेला जाणार. त्या दोघींनाबी वढून नेणार. सातवीची फायनल परीक्षा झाल्याबिगर शाळा सोडणार न्हाई. होडी फोडून सरपणाला घाला." ती आईकडे वळली. "आन आये, दादाला पुन्यांदा आळशी म्हणायचं न्हाई. ज्या दिवशी म्हणशील, त्या दिवशी मी या घरात जेवणार न्हाई."